पिवळ्या अळ्यांचे घरगुती संगोपन : कोंडा, ओल आणि तीन ऋतू

नाशिकच्या वेशीवरच्या आमच्या घराच्या परसात गावरान कोंबड्या आहेत, ओसरीवरच्या मोठ्या पिंजऱ्यात झेब्रा फिंच पक्ष्यांच्या जोड्या आहेत आणि मुलाच्या खोलीतल्या टाकीत एक फ्लॉवरहॉर्न मासा आहे. या तिघांचा रोजचा आहार वेगवेगळा असला, तरी जिवंत अळी समोर आली की तिघेही सारख्याच उत्साहाने तिच्यावर तुटून पडतात. पावसाळा सरून दिवस आखूड होऊ लागले की कोंबड्या जुनी पिसे झाडतात. पीस हे जवळजवळ सगळेच प्रथिनांचे असते, त्यामुळे नवी पिसे फुटण्याच्या काळात ज्वारी-मक्याच्या भरड्यातून मिळणारी प्रथिने त्यांना पुरत नाहीत. फिंच पक्षी एरवी राळे-बाजरीवर समाधानी असतात, पण घरट्यात पिल्ले असली की त्यांना भरवण्यासाठी काहीतरी मऊ आणि पौष्टिक लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या अळ्या महाग पडत आणि त्यांतल्या बऱ्याच घरी येईपर्यंत काळ्या पडून मेलेल्या असत. म्हणून मी मीलवर्म, म्हणजे पिवळ्या अळ्या, घरीच वाढवायचे ठरवले. कोंड्यात अळ्या सोडाव्यात आणि वर गाजराचा तुकडा ठेवावा, एवढेच सुरुवातीला सगळीकडून ऐकायला मिळाले. ते खोटे नाही. परंतु आपल्याकडच्या तिन्ही ऋतूंतून ही वसाहत जिवंत ठेवायची असेल, तर खरी कसोटी लागते ती ओलीच्या बाबतीत, आणि अनुभव लिहून काढण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

ही अळी म्हणजे टेनेब्रिओ मॉलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याचे बालरूप होय. अंडे, अळी, कोष आणि भुंगेरा या चार अवस्थांतून तिचे आयुष्य जाते. २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात अंडी आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात. त्यानंतर अळी पुन्हा पुन्हा कात टाकत तीनेक महिने वाढते आणि पूर्ण वाढ झाल्यावर अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची होते. मग ती वाकडी होऊन निपचित पडते, शेवटची कात टाकते आणि तिचा पांढुरका कोष होतो. एक-दोन आठवड्यांनी कोषातून जो भुंगेरा बाहेर येतो, तो आधी पांढरा, मग तपकिरी आणि काही दिवसांनी काळाभोर होतो. भुंगेरा दोन ते तीन महिने जगतो आणि तेवढ्या काळात एक मादी अडीचशे ते पाचशे अंडी घालते. अंडी चिकट असल्याने त्यांवर कोंड्याचे कण चिकटून बसतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. भुंगेरे सोडल्यानंतर कितीतरी दिवस डब्यात काहीच घडत नसल्यासारखे वाटते, आणि मग एके दिवशी कोंड्याचा पृष्ठभाग आपोआप हलल्यासारखा दिसू लागतो, कारण दोन-तीन मिलिमीटरच्या असंख्य अळ्या त्याखाली फिरत असतात. तोपर्यंत डबा उकरू नये.

बियाणे घेताना दोन गोष्टी तपासाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. पहिली गोष्ट म्हणजे, दुकानांत सुपरवर्म म्हणून ज्या मोठ्या, काळसर टोकांच्या अळ्या मिळतात, त्या वेगळ्या जातीच्या असतात. झोफोबास जातीच्या या अळ्या गर्दीत असेपर्यंत कोषात जातच नाहीत. प्रत्येकीला निराळ्या डबीत एकटे ठेवावे लागते, आणि घरगुती कामासाठी तो व्याप परवडत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ओळखीच्या एका कुक्कुटपालकांनी आपल्या शेडमधल्या गादीतून, म्हणजे कोंबड्यांखाली पसरलेल्या भुशातून, बादलीभर अळ्या मोठ्या आपुलकीने देऊ केल्या होत्या. त्या दिसायला मीलवर्मच्या लहान बहिणीच असतात. पण त्या ज्याच्या अळ्या असतात, तो शेडमधला छोटा काळा भुंगेरा साल्मोनेलासारखे जंतू एका कळपातून दुसऱ्या कळपात नेतो, म्हणून पोल्ट्रीवाले स्वतःच त्याचा नायनाट करण्याच्या मागे असतात. त्यांचे आभार मानून मी त्या अळ्या नाकारल्या आणि स्वच्छ कोंड्यावर वाढलेल्या अळ्याच विकत घेतल्या.

घरातल्यांची संमती मिळवणे हेही एक कामच होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, “अगं, धान्याला कीड लागू नये म्हणून आपण जन्मभर झटतो आणि तू ती मुद्दाम पाळणार?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण हा भुंगेरा साठवणीच्या धान्याची कीड म्हणूनच जगभर ओळखला जातो. त्यामुळे डबे स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या कोठीजवळ न ठेवता मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवायचे आणि त्या खोलीतली कोणतीही चाळण, सूप किंवा डबा परत घरात आणायचा नाही, असे आम्ही ठरवले आणि तो नियम आजतागायत पाळला आहे.

गव्हाचा कोंडा हा या अळ्यांचा बिछाना आणि तेच त्यांचे अन्न. मी तो पिठाच्या गिरणीतून आणते, परंतु कोणाच्या गव्हाचा कोंडा आहे याची चौकशी केल्याशिवाय घेत नाही. आपल्याकडे साठवणीच्या तांदळाला बोरिक पावडर आणि गव्हाला किंवा डाळीला एरंडेल लावण्याची पद्धत आहे. काही जण गव्हाच्या पिंपात विषारी गोळ्याही ठेवतात. जी वस्तू धान्यातली कीड मारण्यासाठी वापरली, ती याही किड्याला मारणारच. म्हणून अशा धान्याचा कोंडा, कण्या किंवा पीठ अळ्यांना घालू नये. शिवाय गिरणीतल्या कोंड्यात पिठातले बारीक तांबडे किडे आणि त्यांची अंडी हमखास असतात. हे किडेही मीलवर्मच्याच कुळातले असून एकदा डब्यात शिरले की त्याच कोंड्यावर भराभर वाढतात आणि चाळून वेगळे करणे जवळपास अशक्य होते. उन्हाळ्यात मी कोंडा काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून, वरून दुसरा कागद घालून, भर दुपारच्या उन्हात तापवते. दोन कागदांमध्ये तापमान ५० अंशांच्या वर गेले की किडे आणि अंडी दोन्ही मरतात. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा घट्ट बांधलेली पिशवी चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर ती घरातल्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही, कारण थंड कोंड्यावर हवेतली वाफ धरते आणि मग त्याला बुरशी येते.

डब्यांसाठी महागड्या साधनांची गरज नाही. गुळगुळीत भिंतींचे पसरट प्लॅस्टिकचे ट्रे पुरतात, कारण अशा भिंतीवर अळीही चढू शकत नाही आणि भुंगेराही नाही. भुंगेऱ्याला पंख असले तरी तो सहसा उडत नाही. कोंड्याचा थर तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. ट्रेवर झाकण न लावता बारीक जाळीचे कापड ताणून बांधावे, म्हणजे हवा खेळती राहते आणि पाली आत शिरत नाहीत. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवा. पूर्वी दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय ज्याप्रमाणे पाण्याच्या वाट्यांत ठेवत, त्याचप्रमाणे मी ट्रेच्या मांडणीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत आणि मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहे. मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर वापरण्याचा मोह होतो, परंतु त्या विषाचा कणही अळ्यांना घातक ठरतो. त्याच कारणाने त्या खोलीत डासांची कॉइल किंवा विजेवर चालणारे द्रव औषध कधीही लावू नये. त्यातून निघणारी वाफ डासाला जशी मारते तशी भुंगेऱ्यालाही मारते.

आता ओलीविषयी. कोरडा कोंडा खाऊन अळी जगते, पण वाढत नाही. तिला पाणी हवे असते आणि ते भांड्यात ठेवून देता येत नाही, कारण ती त्यात बुडते आणि आजूबाजूचा कोंडा आंबतो. म्हणून पाणी भाजीतून द्यायचे. हिवाळ्यात गाजर उत्तम, कारण ते लवकर सडत नाही. इतर वेळी बटाट्याची जाड काप, दुधीचा किंवा बीटाचा तुकडा चालतो. कोबी-फुलकोबीची पाने मी देत नाही. आमचा भाग द्राक्षे आणि भाजीपाल्याचा, फवारण्या वारंवार होतात, आणि पानांच्या घड्यांत राहिलेले औषध धुऊन पूर्ण जात नाही. गाजर-बटाटेही सोलून आणि पुसून कोरडे करूनच घालते. तुकडा किती मोठा असावा याचे माझे माप सोपे आहे: सकाळी घातलेला तुकडा संध्याकाळपर्यंत कुरतडून संपला पाहिजे किंवा नुसता सुकला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो ओला सापडला तर तेवढ्या ओलीची गरज नव्हती असे समजावे. तुकडा कोंड्यावर थेट न ठेवता पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवला की खालचा कोंडा भिजत नाही.

जून उजाडला की सगळे गणित उलटते. बाहेर पाऊस, खोलीत दमट हवा आणि त्यात भाजीची ओल, अशा स्थितीत कोंड्यात सूक्ष्म कोळी, म्हणजे माइट, वाढतात. ट्रेच्या कडांवर फिकट तपकिरी धूळ साचल्यासारखी दिसते आणि नीट पाहिले तर ती धूळ चालत असते. चिमटीत चुरडली तर पुदिन्यासारखा वास येतो. पहिल्या पावसाळ्यात माझे दोन ट्रे या कोळ्यांनी भरले आणि कोषांची मोठी हानी झाली. त्यानंतर या विषयावर जे वाचले, त्यातून एक विलक्षण गोष्ट कळली आणि तिने माझी पद्धतच बदलली. मीलवर्मची अळी हवेतली वाफ शोषून घेऊ शकते. तिच्या आतड्याच्या शेवटच्या भागाभोवती उत्सर्जक नलिकांची अशी रचना असते की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८८ टक्क्यांच्या वर गेली, तर ती गुदद्वारावाटे हवेतूनच पाणी ओढून घेते. फार थोड्या कीटकांकडे ही शक्ती आहे. उलट धान्यातले कोळी पातळ त्वचेचे असतात; हवा ६० टक्क्यांच्या खाली कोरडी झाली की त्यांच्या अंगातले पाणी टिकत नाही आणि ते मरतात, परंतु अळीला मात्र तेवढा कोरडेपणा बरेच दिवस सोसतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की उपाय आपोआप समोर येतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत मी मोठ्या अळ्यांच्या ट्रेमध्ये भाजी जवळजवळ घालतच नाही. कोळ्यांची चाहूल लागली की अळ्या चाळून काढते, नव्या, उन्हात किंवा तव्यावर कोरड्या केलेल्या आणि पूर्ण थंड झालेल्या कोंड्यात टाकते, आणि तो ट्रे विजेच्या पेटत्या दिव्याजवळ, पंख्याच्या झोतात आठवडाभर ठेवते. जुना कोंडा लगेच उकळत्या पाण्यात घालते. कोरडेपणा हेच इथले औषध आहे. दुसरे कोणतेही औषध अळीला न मारता कोळ्याला मारत नाही.

उन्हाळ्यात धोका दुसऱ्या बाजूने येतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ३८-४० अंशांकडे झुकतो, आणि ३५ अंशांच्या पुढे अळ्या मरू लागतात. त्यातही लक्षात न येणारी बाब अशी की दाटीने राहणाऱ्या अळ्या स्वतःच उष्णता निर्माण करतात. खोलीत ३२ अंश असताना भरगच्च ट्रेच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसला, तर तो कित्येक अंश वर दाखवतो. म्हणून उन्हाळ्यात एका ट्रेच्या दोन ट्रे कराव्यात, थर पातळ करावा आणि ट्रे मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर, फरशीलगत आणावेत. मी खिडकीला ओले गोणपाट लावते, त्यामुळे खोली थंड राहते आणि कोरड्या हवेला थोडी ओलही मिळते. या दिवसांत भाजीचा तुकडा सकाळ-संध्याकाळ दोनदा घालावा लागतो. तो चुकला तर तहानलेल्या अळ्या एकमेकींना आणि कोषांना कुरतडतात. थंडीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा काही बिघडत नाही, फक्त वाढ मंदावते. ज्यांना थंडीतही उत्पादन हवे, त्यांनी कमी वॉटचा दिवा लावावा. मी लावत नाही, कारण तोपर्यंत कोंबड्यांची पिसे भरून आलेली असतात.

कोष वेगळे करणे हे या सगळ्यातले सर्वांत वेळखाऊ काम आहे आणि त्याला पर्याय नाही. कोष हलू शकत नाही, आणि भुकेल्या किंवा तहानलेल्या अळ्या आणि भुंगेरे त्याला खातात. मी एक दिवसाआड बोथट चमच्याने कोष उचलून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते. त्यातून निघालेले भुंगेरे तिसऱ्या ट्रेमध्ये जातात. दर पंधरवड्याला भुंगेरे चाळणीने वेगळे करून नव्या कोंड्यात सोडायचे आणि जुना कोंडा त्यातल्या न दिसणाऱ्या अंड्यांसह तारीख लिहून बाजूला ठेवायचा. असे केले नाही तर भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, आणि शिवाय एकाच ट्रेमध्ये सगळ्या वयांच्या अळ्या मिसळल्या की वेचणी कठीण होते. चाळण्या तीन लागतात: भुंगेरे वेगळे करण्यासाठी गव्हाची, मोठ्या अळ्यांसाठी रव्याची आणि विष्ठा गाळण्यासाठी मैद्याची. अळ्यांची विष्ठा बारीक वाळूसारखी कोरडी असते आणि तिला फारसा वास येत नाही. वास येऊ लागला, तर ट्रेमध्ये कुठेतरी ओल साठली आहे हे नक्की.

खाऊ घालताना हात आखडताच ठेवावा लागतो. ताज्या अळीत साधारण ६० टक्के पाणी, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि १३ टक्क्यांच्या आसपास चरबी असते; म्हणजे अळी पौष्टिक आहे, पण तिला पूर्ण आहार म्हणता येत नाही. तिच्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर आणि कॅल्शियम अगदीच नाममात्र असते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते, कारण अंड्याचे कवच त्याचेच बनते. अळ्यांच्या आवडीपायी कोंबडी खाद्य सोडून देऊ लागली तर कवच पातळ होते. त्यामुळे मी प्रत्येक कोंबडीला दिवसाला लहान चिमूटभर अळ्या देते, त्याही भरडा खाऊन झाल्यावर संध्याकाळी, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवते. पिसे झाडण्याच्या काळात आणि खुडूक कोंबडी पिल्ले घेऊन उठल्यावर हे प्रमाण दुप्पट करते. फिंच पक्ष्यांसाठी नुकतीच कात टाकलेली, पांढरी मऊ अळी निवडते. तिचे कवच कडक नसल्याने पिल्लांना ती पचते. त्यांना द्यायच्या अळ्या आदल्या दिवशी कॅल्शियमची पूड मिसळलेल्या पिठावर ठेवते, म्हणजे अळीच्या पोटातून ते कॅल्शियम पक्ष्याला मिळते. फ्लॉवरहॉर्नला आठवड्यातून दोनदा, बस्स. रोज दिल्यास तो चरबीने फुगतो आणि दाणेदार खाद्याकडे पाठ फिरवतो.

अशा कोंबड्यांची अंडी आपण खावीत का, असा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला. अंगणात मोकळी फिरणारी कोंबडी उकिरडा उकरून याहून कितीतरी अस्वच्छ किडे खात असते, हे उत्तर तर होतेच. त्याशिवाय युरोपीय संघाने २०२१ साली याच अळीला माणसांच्या आहारासाठी मान्यता दिली आणि त्याच वर्षी कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांची प्रथिने वापरण्यास परवानगीही दिली. मात्र ज्यांना कोळंबी-खेकड्यांची किंवा घरातल्या धुळीची ॲलर्जी आहे, त्यांनी या कामात जपावे, कारण या अळीमुळेही त्यांना तसाच त्रास होऊ शकतो. चाळताना उडणारी धूळ कोणासाठीच बरी नाही. मी तोंडाला मास्क लावून, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून चाळते आणि दम्याचा त्रास असलेल्या माझ्या दिरांना त्या वेळी तिकडे येऊ देत नाही.

चाळलेली विष्ठा कुंड्यांना खत म्हणून उत्तम लागू पडते. मोगरा आणि कढीपत्ता यांना मूठमूठ घातल्यावर पालवीत फरक दिसतो. परंतु त्यात अंडी आणि बारीक अळ्या असतातच, म्हणून ती आधी उन्हात कडक तापवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवूनच मातीत मिसळावी. धान्याची ही कीड आपल्या हातून परिसरातल्या कोठारांत पसरता कामा नये, याबाबत मी अतिशय काटेकोर आहे. नको असलेले भुंगेरे मी कधीच बाहेर सोडत नाही. म्हातारे झालेले भुंगेरे कोंबड्या आवडीने खातात.

गावी जायचे असले की खाऊ घालण्याजोग्या मोठ्या अळ्या कोरड्या कोंड्यासह फ्रीजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात ठेवते. तिथे त्या गुंगून राहतात आणि कोषात जात नाहीत. आठवड्यातून एकदा बाहेर काढून, त्या हलू लागल्या की गाजराचा तुकडा द्यायचा आणि दिवसभराने परत आत ठेवायचे, एवढे काम घरी राहणारे कोणीही करू शकते. सुपरवर्मना मात्र ही थंडी सोसत नाही, त्या मरतात.

आता ओळखीचे लोक बियाणे मागायला येतात. त्यांना मी नुसत्या अळ्या देत नाही; वाटीभर मोठ्या अळ्या, काही कोष, पन्नासेक भुंगेरे आणि भुंगेऱ्यांच्या ट्रेमधला तारीख लिहिलेला जुना कोंडा, असे चारही देते, म्हणजे त्यांची साखळी तुटत नाही. जूनमध्ये कोणी आले तर त्यांना दिवाळीनंतर यायला सांगते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या, थंड महिन्यांत अळ्या सावकाश वाढतात, गाजर मुबलक मिळते, कोळी त्रास देत नाहीत, आणि नवख्या माणसाला चाळण्या, कोष आणि ओलीचे माप हाताखालून जाऊ देण्यास पुरेसा वेळ मिळतो.